‘नटसम्राट’मधल्या सुनेविषयी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात एका ज्येष्ठ वाचकांचे पत्र प्रसिद्ध झाले आहे. म्हाताऱ्या आईवडिलांना घरात नकोसे करणाऱ्या मुलांना, आणि त्यातही सुनांना, ‘नटसम्राट’चा प्रयोग सक्तीने दाखवावा, म्हणजे त्यांचे डोळे उघडतील, अशी सूचना त्यांनी केली आहे. त्यांच्या पत्रामागची कळकळ खरी आहे आणि तसे लिहावेसे वाटण्याइतकी दुखरी माणसे माझ्याही परिचयात आहेत. मी स्वतः सत्तरी गाठली आहे, तेव्हा त्या पत्राला मान डोलावणे मला सोपे होते. पण पत्र वाचून झाल्यावर दोन दिवस मला चैन पडले नाही. त्या नाटकातल्या सुनेविषयी, शारदेविषयी, माझे मत गेल्या पन्नास वर्षांत हळूहळू पालटत गेले आहे. ते का पालटले, हे कोणाला तरी सांगावे असे फार दिवसांपासून मनात होते. त्या पत्राने निमित्त दिले.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ‘ब’ वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात बत्तीस वर्षे काम केले. त्यातली बहुतेक वर्षे देवघेव विभागात गेली. साहित्याची मी अभ्यासक नाही. पुस्तक परत करताना वाचक काउंटरवर जे दोन शब्द बोलून जातात, ते ऐकण्याचे भाग्य मात्र मला भरपूर लाभले, आणि एकाच पुस्तकाविषयी एकच माणूस विशीत काय बोलतो आणि पन्नाशीत काय बोलतो, हेही त्या एका खुर्चीत बसून ऐकता आले.

‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० रोजी झाला. वि. वा. शिरवाडकरांची संहिता, पुरुषोत्तम दारव्हेकरांचे दिग्दर्शन, धी गोवा हिंदू असोसिएशनची निर्मिती आणि अप्पासाहेब बेलवलकरांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू, ही माहिती जुन्या नाट्यरसिकांना तोंडपाठ असते. त्या लेखनाला १९७४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी, मी महाविद्यालयात असताना, दौऱ्यावर आलेला एक प्रयोग मी पाहिला. मी एकोणीस वर्षांची होते, माझ्याबरोबर माझी आत्येबहीण होती, आणि मध्यंतराच्या आधीच आमचे दोघींचे रुमाल भिजले होते. अप्पांनी आयुष्यभराची कमाई मुलांना वाटून टाकली, कावेरीला घेऊन ते नंदाच्या, म्हणजे मुलाच्या घरी राहायला आले, आणि बघता बघता नातीवरून, ठमीवरून, घरात ठिणग्या पडू लागल्या. शारदा काहीतरी बोलली. ते वाक्य नेमके कोणते होते हे आज आठवत नाही, पण आमच्या मागच्या रांगेतल्या एक बाई त्या वाक्यावर ‘सटवी’ असे मोठ्याने म्हणाल्या, हे स्पष्ट आठवते. आजूबाजूच्या कोणीही त्यांना गप्प केले नाही. तो शब्द आमच्या सगळ्यांच्याच ओठांवर होता. त्यांनी तो फक्त उच्चारला.

चार वर्षांनी माझे लग्न झाले. सासूबाई गेल्यावर, १९९० साली, मामंजी गावाकडचे घर बंद करून आमच्याकडे राहायला आले. प्राथमिक शाळेत त्यांनी पस्तीस वर्षे शिकवले होते. बाजारात त्यांच्याबरोबर चालणे म्हणजे दर दहा पावलांना थांबणे, कारण कोणी ना कोणी वाकून नमस्कार करायचे आणि मामंजी त्याच्या घरच्या तीन पिढ्यांची चौकशी करायचे. असा भला माणूस माझ्या दोन खोल्यांच्या घरात आला आणि मी पहाटे साडेचारला उठू लागले, कारण नगरपालिकेचे पाणी पाचला यायचे आणि ते भरून झाल्याशिवाय त्यांच्या आंघोळीचे पाणी तापत नसे. आठला मला वाचनालयाचा मुक्तद्वार विभाग उघडावा लागे. यजमानांची पाळी बदलती होती. मुलगी दहावीला होती. मामंजींना ऐकू कमी येऊ लागले होते आणि त्यांचा ट्रान्झिस्टर आकाशवाणीचे केंद्र सुरू होताना जो वाजू लागे, तो भक्तिगीतांपासून प्रादेशिक बातम्यांपर्यंत घर दणाणून सोडत असे. आवाज कमी करा असे मी त्यांना दोनदा सांगितले. दोन्ही वेळा त्यांनी लगेच कमी केला आणि पाच मिनिटांत, आपल्याला ऐकू येत नाही म्हणून, नकळत पुन्हा वाढवला.

१९९५ च्या फेब्रुवारीत एका रात्री मी त्या ट्रान्झिस्टरच्या मागचे झाकण काढले, चारही सेल बाहेर काढले आणि फडताळात रव्याच्या डब्यामागे ठेवून दिले.

पहाटे मामंजी उठले. त्यांनी बटण फिरवले. खट् झाले, पण आवाज नाही. पुन्हा फिरवले. ट्रान्झिस्टर कानाशी धरला, किंचित हलवला, मग मांडीवर पालथा घेऊन मागचे झाकण उघडले. त्या रिकाम्या खाचांवरून त्यांनी अंगठा फिरवला आणि आतल्या स्प्रिंगा एकेक करून दाबून पाहिल्या. मग झाकण नीट बसवले आणि ट्रान्झिस्टर कोनाड्यात, रोजच्याच जागी, ठेवून दिला. मी ओट्याशी पाठमोरी उभी होते. सेल कुठे गेले असे त्यांनी विचारले असते तर काय सांगायचे, हे मी ठरवून ठेवले होते. त्यांनी विचारले नाही. मुलीची परीक्षा संपल्यावर मी सेल पुन्हा घातले, पण त्यानंतर १९९८ साली ते जाईपर्यंत त्यांनी पहाटे रेडिओ लावला नाही. दुपारी, मी घरी नसताना, लावत असत, असे शेजारच्या वहिनींनी मला पुढे सांगितले.

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. त्या पहाटे आमच्या स्वयंपाकघराचा पडदा कोणी उघडला असता आणि समोर हजार प्रेक्षक बसलेले असते, तर त्यांच्यापैकी एका तरी बाईने मला ‘सटवी’ म्हटले असते, आणि ते चुकीचे आहे असे मला म्हणता आले नसते. पण त्या प्रेक्षकांना कोनाड्यातला तो ट्रान्झिस्टर आणि म्हाताऱ्याचा अंगठा दिसला असता. पाच वाजताचा नळ दिसला नसता. नळ दाखवायला नाटकात वेळ नसतो.

१९९७ च्या सुमारास वाचनालयातली ‘नटसम्राट’ची एक प्रत बांधणीला काढायची होती. बांधणीला पुस्तक देण्यापूर्वी पाने मोजावी लागतात, एखादे पान गहाळ आहे का ते पाहावे लागते, आणि वाचकांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा खोडरबराने पुसाव्या लागतात. हे काम मी दुपारी, गर्दी नसताना, करत असे. शारदेच्या एका वाक्याशेजारी कोणीतरी पेन्सिल दाबून ‘राक्षसीण’ असे लिहिले होते. इतके दाबून, की रबराने अक्षरे गेली तरी कागदावरची खोल रेघ बोटाला लागत राहिली. ती रेघ चाचपत मी तिथेच बसले आणि नाटक पहिल्या पानापासून वाचायला घेतले. त्या दिवशी मला एक साधी गोष्ट प्रथमच जाणवली. नाटकातली मोठी स्वगते अप्पांची आहेत. एकटे असताना अप्पांच्या मनात काय चालते, हे आपण तासन्‌तास ऐकतो. शारदेला स्वगत नाही. ती जेव्हा बोलते तेव्हा समोर कोणीतरी असते, आणि बहुधा ती त्या माणसाला विरोध करत असते. रात्री सगळे झोपल्यावर भांडी पालथी घालताना तिच्या मनात काय येते, हे आपल्याला कळत नाही. ज्याला स्वगत मिळाले त्याच्यासाठी आपण रडतो. यात शिरवाडकरांचा काही दोष आहे असे मी म्हणत नाही. त्यांना एका नटाचे नाटक लिहायचे होते आणि ते त्यांनी असे लिहिले की पन्नास वर्षे झाली तरी त्याची धार बोथट झालेली नाही. पण प्रेक्षक म्हणून, वाचक म्हणून, ते न लिहिलेले स्वगत मनातल्या मनात ऐकण्याचे काम आपले असते, आणि विशीत ते मला जमले नव्हते.

या नाटकामागे शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ची छाया आहे, हे सर्वज्ञात आहे. तिथे तर राज्य वाटून टाकलेला राजा शंभर सरदारांचा लवाजमा घेऊन मुलीच्या घरी मुक्कामाला येतो आणि थोरली मुलगी तो लवाजमा कमी करा म्हणते. ती दुष्ट आहे हे आपल्याला आधीपासून ठाऊक असल्याने आपण तिचे म्हणणे कानावर घेत नाही. इंग्रज दिग्दर्शक पीटर ब्रुक यांनी १९६२ साली इंग्लंडमधल्या स्ट्रॅटफर्डला हे नाटक केले तेव्हा ते शंभर सरदार त्यांनी खरोखरच धुडगूस घालताना, बाके उलथवताना दाखवले, आणि मुलीची तक्रार प्रेक्षकांना प्रथमच तक्रारीसारखी वाटली. नाटकातले एकही वाक्य त्यासाठी बदलावे लागले नाही. घरात काय घडते आहे ते फक्त रंगमंचावर आणले. हे वाचले तेव्हा मला आमचा नळ आठवला.

इथे जाता जाता एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. मराठी रंगभूमीवर शारदा नावाची आणखी एक मुलगी आहे. गोविंद बल्लाळ देवलांच्या १८९९ सालच्या ‘संगीत शारदा’मधली, जिला तिचा बाप पैशाच्या लोभाने एका म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघतो. तिच्यासाठी महाराष्ट्रातल्या तीन-चार पिढ्या रडल्या. ती शारदा लग्नाआधीची आहे, निरागस आहे, आणि तिच्यावर अन्याय होतो आहे हे लहान मुलालाही दिसते. नंतर एकाहत्तर वर्षांनी आलेल्या नाटकात त्याच नावाची बाई संसाराला लागलेली आहे, एका मुलीची आई आहे, घर चालवते आहे, आणि तिच्या वाट्याला शिव्याशाप आले. दोन्ही नाटककारांनी ते नाव काही मनात धरून योजले असेल असा माझा दावा नाही. पण मुलगी सोसते आहे तोवर आपण तिच्या बाजूचे असतो आणि ती ‘नाही’ म्हणू लागली की आपली बाजू बदलते, हे मला या दोन नावांच्या योगाने फार ठळकपणे दिसले.

वय वाढले की माणूस मवाळ होतो, सगळ्यांना माफ करत सुटतो, असे माझ्या वयाच्या लोकांविषयी म्हटले जाते. माझ्या बाबतीत ते खरे नाही. देवलांच्या शारदेचा बाप, कांचनभट, मला विशीत विनोदी वाटत असे. आज मुलींची आई आणि आजी म्हणून मी त्याच्याकडे पाहते तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो. तिच्याशी लग्न करायला निघालेल्या म्हाताऱ्या भुजंगनाथाला मी मुळीच क्षमा केलेली नाही आणि करण्याचा विचारही नाही. आणि ‘नटसम्राट’मधल्या नंदावर तर मी पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक रागावते. बाप त्याचा आहे. बाप कसा बोलतो, कसा हसतो, कुठे दुखावतो, हे त्याला जन्मापासून माहीत आहे. बायको परक्या घरातून आलेली आहे. त्या दोघांच्या मध्ये उभे राहून दोघांचे थोडे थोडे ऐकून घेणे हे त्याचे काम होते, आणि ते त्याने केले नाही म्हणून ते शारदेच्या अंगावर आले. विशीत मला नंदा दिसलाच नव्हता. माझा सगळा राग शारदेत खर्च झाला होता. आमच्या घरीही तसेच होते. ट्रान्झिस्टरविषयी यजमानांनी वडिलांना एक शब्द विचारला असता तर मला रव्याच्या डब्यामागे हात घालावा लागला नसता, असे मला आजही वाटते, आणि हे मी त्यांच्या पश्चात, त्यांच्याविषयीचे प्रेम मनात ठेवूनच लिहीत आहे.

शारदेवरून माझी नजर एकदा बदलल्यावर इतर नावडती माणसेही मला वेगळी दिसू लागली. त्यांतल्या एकाविषयी सांगितल्याशिवाय राहवत नाही. महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ साली रंगभूमीवर आले. विदर्भातल्या धरणगावकर देशपांड्यांचा पडका वाडा, नुकतेच वारलेले तात्याजी, अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर, पुन्हा पुन्हा किती वाजले विचारणारी म्हातारी दादी, आणि दिवसकार्यासाठी मुंबईहून आलेला धाकटा सुधीर व त्याची बायको. वाड्यात राहिलेला थोरला भाऊ भास्कर हा कोणाला आवडण्यासारखा माणूस नव्हे. तो सोन्यावर बसून आहे, धाकट्या भावाशी घासाघीस करतो, बहिणीच्या शिक्षणाची राख झाली याचे त्याला फारसे सोयरसुतक दिसत नाही. मी संहिता प्रथम वाचली तेव्हा मला भास्करचा तिटकारा आला, आणि त्याचे एक खासगी कारण होते: माझा थोरला भाऊ, आमचे दादा, माझ्या दृष्टीने हुबेहूब तसे होते. हक्कसोडपत्रावर आम्हा दोघी बहिणींच्या सह्या झाल्या त्या दिवशी त्यांनी आम्हाला एकेक साडी दिली, आणि पुढे दर दिवाळीला ज्वारीचे अर्धे पोते पाठवताना ते ती पायलीने मोजून भरत. ते पायलीने मोजणे माझ्या मनातून कधी गेले नाही.

पुढे आईच्या शेवटच्या आजारात मी पंधरा दिवस माहेरी राहिले. त्या आठवड्यात शेतीच्या पंपांची वीज रात्रीची होती. दादा रात्री दोनला उठत, डोक्याला मफलर गुंडाळत, बॅटरी घेऊन विहिरीवर जात, मोटर सुरू करून बारे देत आणि पहाटे परत येऊन आईला कुशीवर वळवत. तेव्हा त्यांचे वय बासष्ट होते. मोटर जळाली तर दुरुस्तीला किती, बियाण्याला किती, आईच्या औषधांना किती, हे सगळे ते मला न विचारता सांगत, आणि ऐकताना माझ्या ध्यानात आले की हे हिशोब ऐकायला त्यांना आजवर कोणी मिळाले नव्हते. आम्ही बहिणी सणाला येत होतो आणि परत जात होतो. घर सोडून गेलेल्यांना घराविषयी हळवे होता येते. मागे राहिलेल्याला पायलीने मोजावे लागते. भास्करला मी निर्दोष म्हणत नाही. बहिणीला, प्रभाला, शिकू न देण्यात घरातल्या ज्या ज्या पुरुषाचा हात होता त्याला मी निर्दोष म्हणणार नाही. पण तो वाईट आहे एवढे म्हणून नाटक मिटवता येत नाही, कारण तो वाडा कोसळू नये म्हणून उभा राहायला दुसरे कोणीच तयार नव्हते.

वाचनालयात मला असे बदल इतरांतही दिसत. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ आमच्याकडे चार प्रतींत होती आणि चारही प्रती कायम बाहेर असत. तीत ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा अशा तिघांची निवेदने आहेत. महाविद्यालयातल्या मुली पुस्तक परत करताना शर्मिष्ठेविषयी बोलत आणि देवयानीची पाने भराभर उलटल्याचे मोकळेपणाने सांगत. गर्विष्ठ, आक्रस्ताळी बाई, तिचे काय वाचायचे? त्यांच्यातल्याच काही जणी पंधरा-वीस वर्षांनी, मुलाबाळांना घेऊन माहेरी आल्या की पुन्हा सभासद होत आणि पुन्हा तेच पुस्तक नेत. अशाच एकीने एकदा पुस्तक काउंटरवर ठेवले आणि म्हणाली, “मॅडम, कच संजीवनी शिकायला आला होता, ती शिकून निघून गेला. हिचं काय झालं, हे कोणी विचारलंच नाही की.” मी तिला म्हटले, “बस, चहा घे.” मूळ महाभारतातही ते तसेच आहे. देवयानी बापापुढे हट्ट धरून कचाला पुन्हा पुन्हा जिवंत करवून घेते, आणि विद्या मिळाल्यावर तो तिला बहीण ठरवून मोकळा होतो. ज्या मुलीच्या पहिल्या प्रेमाचा असा हिशोब झाला, ती पुढे राजाच्या घरात ताठ मानेने, काहीशी कडवटपणे वागली, तर त्याचे मला आता आश्चर्य वाटत नाही. तिने शर्मिष्ठेला दासी केले हे वाईटच. पण ती पाने आता मला भराभर उलटवत नाहीत.

आता पुन्हा त्या पत्राकडे वळते. पत्रलेखकांनी कायद्याचाही उल्लेख केला आहे. २००७ साली ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि तसा सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवून घेण्याची सोय त्यात आहे. तो कायदा हवाच. अप्पांच्या काळी तो असता आणि त्यांनी वाटणीपत्रात तशी अट घातली असती तर त्यांच्यावर रस्त्यावर येण्याची पाळी कदाचित आली नसती. पण शारदेचे अप्पांशी जे वाजले ते मालमत्तेवरून वाजले नव्हते. ते एकाच छपराखाली दोन तऱ्हांनी जगणाऱ्या माणसांचे वाजणे होते, आणि त्यावर न्यायाधिकरणात दाद मागता येत नाही. मुलीच्या घरी अप्पांवर चोरीचा आळ येतो, ते मला आजही असह्य होते आणि तिथे मी अप्पांच्याच बाजूची आहे, हेही इथे स्पष्ट करते. शारदेविषयी मला माया वाटू लागली म्हणून अप्पांचे दुःख माझ्या लेखी तसूभरही कमी झालेले नाही. उलट पूर्वी मी एका माणसासाठी रडत असे, आता दोघांसाठी रडते.

वयाचा विचार केला तर मी आता अप्पांच्या रांगेत आहे. यजमान गेल्यापासून वर्षातले चार-पाच महिने मी पुण्याला मुलाकडे असते. गेल्या पावसाळ्यात एकदा सून म्हणाली, “आई, सकाळची स्तोत्रं जरा हळू लावाल का? माझं काम रात्री दीडपर्यंत चालतं, सातपर्यंत झोप झाली नाही तर दिवसभर डोकं दुखतं.” ती हे अगदी सौम्यपणे म्हणाली, समोर येऊन म्हणाली. मी ‘बरं’ म्हटले आणि माझ्या खोलीत जाऊन मोबाइल हातात धरून बराच वेळ बसले. मला वाईट वाटले, हे खोटे कशाला सांगू? माझे घर असते तर मला असे कोणी म्हणाले नसते, असेही मनात येऊन गेले. मग मला रिकाम्या खाचांवरून फिरणारा तो अंगठा आठवला. माझी सून माझ्यापेक्षा धीट आहे, कारण तिने मला तोंडावर सांगितले. मी सेल लपवले होते.

म्हणून माझी पत्रलेखकांना आणि आपल्या वाचकांना विनंती आहे की हे नाटक सुनांना शिक्षा म्हणून दाखवू नये. आमच्या जिल्ह्यातल्या हौशी नाट्यसंस्थांना तर मला आणखी एक सांगायचे आहे. स्पर्धेसाठी हे नाटक बसवताना संस्थेतला सर्वांत अनुभवी नट अप्पा करतो आणि शारदा मात्र नव्या मुलीच्या पदरात टाकली जाते. तिला कपाळाला आठ्या घालून चढ्या आवाजात बोलायला शिकवतात आणि प्रेक्षकांकडून तिच्या वाट्याचा राग वसूल करून घेतात. एकदा ही भूमिका एखाद्या चाळिशीच्या, संसार केलेल्या, सासऱ्यांचे केलेल्या नटीला देऊन पाहा. तिला आवाज चढवायला सांगू नका. बोलताना तिचे हात कामात असू द्या: ती भाजी निवडत असेल, ठमीचा डबा भरत असेल, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत असेल. संहितेतला शब्दही बदलण्याची गरज नाही. आणि शाळा-महाविद्यालयांतल्या मराठीच्या शिक्षकांना सांगावेसे वाटते की ‘पात्राचे स्वभावचित्रण करा’ या प्रश्नाला मुले सद्गुण-दुर्गुणांची यादी लिहून पाच गुण मिळवतात; त्याऐवजी शारदेचे स्वगत लिहून आणायला सांगा.

माझ्या सुनेने ‘नटसम्राट’ पाहिलेले नाही. पुण्यात पुढचा प्रयोग लागेल तेव्हा आम्ही दोघी जाणार आहोत, तिने तारीख पाहून ठेवायचे कबूल केले आहे. ट्रान्झिस्टरची गोष्ट मी तिला अजून सांगितलेली नाही. आपण हे पत्र छापलेत तर ती इथेच वाचेल. नाहीतर नाटकाला निघण्यापूर्वी मी ती तिला सांगणार आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त ग्रंथालय कर्मचारी,
जिल्हा सातारा